दोनचं की दीडचं

शुक्रवार पेठ, सोलापूर
९ जानेवारी १९३५

प्रिय जोतीराम यास चनमल्लप्पाचे शरणार्थ.

संक्रांत पाच दिवसांवर आली. तिळगूळ माझ्याकडून पोचला असं समज आणि गोड बोलून एका प्रश्नाचं उत्तर दे. मागं तू नोकरी करतोस त्या कॅमेऱ्यांच्या दुकानाचं किंमतपत्रक पाठवलंस, त्यात तो नवा जर्मन हातकॅमेरा आहे. मूठभर जीव, आणि त्याला भिंगं दोन. एकावर आकडा दोन, दुसऱ्यावर दीड. आकडा जितका लहान तितकं भिंगाचं तोंड मोठं आणि उजेड जास्त, एवढं मला कळतं. पण दोन आणि दीडमध्ये खरा फरक किती, की नुसती दुकानदारी?

माझा जुना पेटीचा कॅमेरा तुला ठाऊक आहे. भिंगावरचं टोपण काढायचं, मनात 'नमः शिवाय' म्हणायचं, टोपण लावायचं. उजेड चांगला असेल तर एकदा, आभाळ असेल तर तीनदा. तेवढा वेळ समोरच्यानं हलायचं नाही. आता लग्नकार्यात माणसं अशी बसत नाहीत, आणि लहान पोरं तर कधीच नाहीत. म्हणून म्हटलं, धंद्याला एक चपळ भिंग असावं.

शाळेसाठी आमच्या घरी राहत होतास तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाची पाठ उघडून बसला होतास आणि आईनं, आपल्या अव्वानं, तुला दुपारभर उपाशी ठेवलं होतं, ते विसरला नसशील. तोच किडा या कामाला लाव. दोनचं की दीडचं, एक शब्द लिही.

अव्वा बरी आहे. तुझी आठवण काढते.

तुझा
चनमल्लप्पा


गिरगाव, मुंबई
१६ जानेवारी १९३५

प्रिय चनमल्लप्पा,

एक शब्द मागतोस, पण तो शब्द इतक्यात मिळायचा नाही. मालकांच्या परवानगीनं रविवारी दोन्ही भिंगं घरी आणली आणि दिवसभर खेळत बसलो. सोनाबाई, तुझी वहिनी, म्हणाली, तुम्हाला सुट्टी दिलीच कशाला. तिला तांदूळ पाखडायला बसवलं आणि तिच्या हाताचे फोटो काढले. दीडचं भिंग दोनच्यापेक्षा पावणेदोन पट उजेड आत घेतं, ही गोष्ट खरी. एकाच जागी, एकाच उजेडात, दोनचं भिंग जास्त वेळ उघडं ठेवावं लागलं आणि त्यात तिची बोटं जराशी फिसकटली. दीडच्यात तांदळाचा दाणा सुपावर जिथल्या तिथं थांबला. मी ती फिल्म उजेडाला धरून किती वेळ पाहत होतो, सांगत नाही.

पण याची दुसरी बाजू ऐक. टेबलावर आगपेट्यांची रांग लावली, दोन दोन बोटांच्या अंतरानं. दोनच्या भिंगात तीन पेट्यांवरची अक्षरं वाचता आली. दीडच्यात एकच, तिच्या पुढची आणि मागची धुक्यात. म्हणजे माणूस जवळून घेतलास तर त्याचे डोळे स्पष्ट येतील आणि कान विरघळतील. तुझी गिऱ्हाइकं तर दोन्ही कान दिसल्याशिवाय फोटो हातात घेत नाहीत.

आता एक विचारतो. तुम्हा लिंगायतांत माणूस गेला की त्याला भिंतीला टेकवून बसवतात, विभूती लावतात, हार घालतात, आणि तसा बसलेला फोटो काढायला सगळ्या पेठेत तुलाच बोलावतात. ती माणसं हलत नाहीत. पोरंटोरं रडली तर त्यांना तू आजवर सरळ घरी पाठवत आलास. मग पंधरा वर्षांनी एकाएकी हे चपळ भिंग कुणासाठी? न हलता बसत नाही असं कोण आहे? आणि कुणी का असेना, त्याला उन्हात आणून का काढत नाहीस?

खरं लिही. त्याशिवाय बरोबर भिंग सांगता यायचं नाही.

तुझा
जोतीराम


सोलापूर
२३ जानेवारी १९३५

प्रिय जोतीराम,

तुझ्यापुढं लपवणं म्हणजे वकिलापुढं लपवण्यासारखं. अव्वासाठी हवं आहे.

तू तिला आठ वर्षांत पाहिलेलं नाहीस, म्हणून तुला ठाऊक नाही. पाच वर्षांपासून तिची मान हलते. दिवसभर, इकडून तिकडे, बारीक. औषधं झाली, तेलं झाली. बाकी ती खुटखुटीत आहे, सुनेच्या आधी उठते आणि तिच्या आधी बोलते. पण माझ्या कॅमेऱ्यासमोर बसली की 'नमः शिवाय' पुरं होईपर्यंत चेहऱ्याचं पिठलं होतं. सहा प्लेटा वाया गेल्या. 'अव्वा, हलू नको' म्हटलं की मान जास्तच हलते. क्षणभराच्या लख्ख उजेडासाठी मॅग्नेशियमची पूड पेटवून पाहिली. ती दचकली, डोळे मिटले, आणि माजघराच्या आढ्याला जो काळा डाग पडला तो बायको मला रोज दाखवते. उन्हात बसवावं तर मोतीबिंदू काढल्यापासून तिच्या डोळ्यांना धारा लागतात. माडीवर स्टुडिओत चढणं तिला जमत नाही. राहिलं माजघराचं दार, तिथला उजेड, आणि तुझं ते भिंग.

आता हे का, तेही सांगतो. नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या आप्पांचा एकच फोटो घरात आहे, तोही मीच काढलेला. कसला ते तू ओळखलंस. त्या दिवशी सगळं घर रडत होतं. मी कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्याखाली होतो. चार प्लेटा घेतल्या, चारही स्वच्छ आल्या. माझा हात कापला नाही, हे लोक अजून कौतुकानं सांगतात. पण माझ्या मुली आजोबांना तसेच ओळखतात, डोळे अर्धे मिटलेले, गळ्यात हार. अव्वाचं तसं होऊ नये. मला तिचा जिवंतपणीचा एक स्वच्छ फोटो हवा आहे.

परवा सातव्यांदा बस म्हटलं तर म्हणाली, "थांब की थोडा. मेल्यावर मान आपोआप थांबंल. मग काढ तुझ्या बापासारखा."

ती हसत होती. मला हसू आलं नाही. जोतीराम, तू काही म्हण, मला दीडचंच वाटतं. कान विरघळले तर विरघळू देत.

चनमल्लप्पा


मुंबई
४ फेब्रुवारी १९३५

प्रिय चनमल्लप्पा,

तुझं पत्र मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, दोन्ही पाठव, दीड महिना ठेवू दे, एक घेईल, एक परत करेल. कॅमेराही सोबत आहे. रेल्वे पार्सल बुधवारी निघेल. स्वतः स्टेशनवर जा, हमालावर सोपवू नकोस. कॅमेऱ्यावर एक चकती आहे, तिच्यावर सेकंदाचे भाग लिहिलेत: पंचविसावा, पन्नासावा, दोनशेवा, पाचशेवा. तुझं 'नमः शिवाय' इथं कामाला येणार नाही, त्यातला 'न' सुद्धा पुरा व्हायचा नाही.

अव्वाची मान हलते हे दोनदा वाचलं. करकंबहून मी आलो तेव्हा माझ्या ताटात पहिली कडक भाकरी तिनं मोडून घातली होती. 'बा, ऊट माडु', म्हणजे 'ये, जेव', एवढंच कानडी मला येतं, तेही तिच्यामुळं. ती मान हलवते कशी, हे कितीही प्रयत्न केला तरी माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. फोटो निघाला की एक प्रत मला आधी पाठव.

जोतीराम


सोलापूर
२० फेब्रुवारी १९३५

प्रिय जोतीराम,

जमलं! दीडचं भिंग, दोनशेवा भाग, माजघराचं दार, सकाळचे नऊ. सोबत प्रत आहे, बघ.

मी सगळं नीट केलं. अव्वाला नवं इरकल नेसवलं, कपाळाला विभूती लावली, पाटावर बसवून पाठ भिंतीला टेकवली, म्हणजे आधार मिळतो. हात गुडघ्यांवर, नजर समोर. मी म्हटलं, अव्वा, आज हवी तेवढी हल, हे भिंग तुला धरणार. आणि धरलं. मान तर थांबलीच, पापणीचा केस न् केस मोजून घे. कान जरा मऊ आहेत, पण दिसतात. आख्खी पेठ बघून गेली. शेजारच्या बजाबाई मास्तरीणबाई म्हणाल्या, पाच वर्षांत पहिल्यांदा दाक्षायणीबाईंचा चेहरा बघायला मिळाला.

अव्वानं मात्र ती प्रत भिंतीतल्या देवळीत पालथी घालून ठेवली. दृष्ट लागेल म्हणत असेल. जुनी माणसं, त्यांचं असंच.

तेव्हा निकाल लागला. दीडचं ठेवतो. दोनचं परत पाठवू का?

तुझा आनंदात असलेला
चनमल्लप्पा


मुंबई
२५ फेब्रुवारी १९३५

प्रिय चनमल्लप्पा,

दोनचं भिंग इतक्यात परत पाठवू नकोस. आणि मी आता जे लिहितो त्याचा राग मानू नकोस. दोन दिवस लिहू की नको करत होतो.

तुझं पाकीट आलं तेव्हा मी दुकानात होतो. सोनाबाईनं फोडलं. पत्राच्या आधी फोटो बाहेर पडला. तिला वाचता येत नाही, तिनं फोटोच पाहिला. मी घरी आलो तर चूल थंड, आणि ती दारात डोक्यावरून पदर घेऊन बसलेली. मला म्हणाली, "अव्वा कवा गेल्या वो?"

मी तिच्या हातून फोटो घेतला आणि तिच्याशेजारी दारातच बसलो. भिंत, पाट, विभूती, गुडघ्यांवर हात, समोर थांबलेली नजर. हार तेवढा नव्हता. तुझं पत्र उघडून 'जमलं' हा शब्द वाचेपर्यंत माझ्या आयुष्यातला फार वाईट वेळ गेला. मग मी रडलो, आणि ती बरी आहे हे कळल्यावर रडलो, म्हणून सोनाबाई हसली.

तुला मी दोष देत नाही. पंधरा वर्षं तू माणसं जशी बसवत आलास, तशीच आईलाही बसवलीस. तुझ्या हाताला दुसरं बसवणंच ठाऊक नाही. भिंगानं आपलं काम चोख केलं, आणि तिथंच घोटाळा झाला असं मला वाटतं.

अव्वानं फोटो पालथा का घातला, हे तिला विचारलंस का? माझ्यासाठी विचार.

जोतीराम


सोलापूर
५ मार्च १९३५

चि. जोतीराम यास दाक्षायणीबाईंचे आशीर्वाद. त्या सांगतात तसं मी, बजाबाई, लिहिते आहे. त्यांची ताकीद आहे की एक अक्षर सुधारायचं नाही.

जोत्या, तुजं पत्र चनमल्लप्पानं वाचलं आन् दोन दिस जेवला न्हाय. मग मला इच्यारलं, अव्वा, फोटू पालथा का घातलास. मी म्हनलं, नंतर सांगती. त्याला सांगाया जमंना, म्हून तुला सांगती.

फोटू लई ब्येस हाय. पर त्यात मी न्हाय. त्यात त्याचा बाप हाय, लुगडं नेसून.

माजी मान हलती त्याचं समद्यास्नी वाईट वाटतं. मला बी पयलं वाटायचं. आता सवय झाली. गोजाबाई माळवं घिऊन येती, मेथीचा भाव सांगती, माजी मान हलती. तिला वाटतं म्हातारी नगं म्हनतीया. ती भाव उतरती. मी कायबी बोलत न्हाय. सूनबाई इच्यारती, आजून भाकरी वाढू का, मान हलती, ती टोपली उचलून नेती. म्हंजे फायदा बी हाय, तोटा बी हाय. नाती माज्यासारकी मान हलवून एकमेकीस्नी हसत्यात. त्यास्नी आज्जी म्हंजे हीच ठाव हाय. थांबलेली आज्जी त्यास्नी वळखू येनार न्हाय.

आता खरं सांगती, ह्ये त्याला सांगू नगंस. त्याचा बाप गेला तवा समदी रडत हुती आन् ह्यो काळ्या फडक्यात. भाईर आला तर डोळं कोरडं. मानसं येत्यात, बाप बसलाय, आन् ह्यो कुनाला सरका म्हनतोय, कुनाला पडदा धर म्हनतोय. बापाच्या जवळ घटकाभर बसला न्हाय. त्ये रडू तवापास्नं आतच हाय. माजी येळ आली की ह्यो पुना फडक्यात शिरंल, ह्याचाच मला घोर. मरायचा घोर न्हाय.

तुमी दोगं लई शिकल्याली. भिंगाचं काय त्ये तुमी बगा. मला हलती काढा. बाकीचं मी बगती.

सोनाबाईला म्हनावं, अजून हाय मी.


(पोस्टकार्ड)

मुंबई, ९ मार्च १९३५

चनमल्लप्पा, अव्वाचं पत्र आलं. तिला हलती काढ, असं तिचं म्हणणं आहे. मी इथं सोनाबाईला मान हलवायला लावून सगळं तपासून पाहिलं. चकती पंचविसाव्या भागावर ठेव. मानेची कड जरा फिसकटेल, डोळे धरले जातील. गोजाबाई माळवं घेऊन येते त्या वेळी काढ. भिंग दोनचं लाव, दीडचं लावलंस तर गोजाबाईचं धुकं होईल, आणि तिचं तोंड दिसलंच पाहिजे. पाट नको, भिंत नको. 'हलू नको' हे शब्द त्या दिवशी तोंडातून काढायचे नाहीत. जोतीराम.


सोलापूर
२१ मार्च १९३५

प्रिय जोतीराम,

तुझ्या कार्डाप्रमाणं केलं. पहिले दोन दिवस फुकट गेले. पहिल्या दिवशी गोजाबाई कॅमेरा बघून टोपली टाकून पळाली. दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून आली आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसली. तिला तरी काय बोलणार, माझ्याकडूनच सगळी पेठ ते शिकली आहे. तिसऱ्या दिवशी मी माजघरात धान्याच्या कणगीआड उभा राहिलो आणि दोघींना विसरू दिलं.

गोजाबाईनं मेथीची जुडी उचलून भाव सांगितला. अव्वानं तिच्याकडं पाहिलं. मान सुरू. गोजाबाई कळवळून म्हणाली, "आवो आज्जी, आता ह्याच्याखाली न्हाय वो परवडत." अव्वा नुसती बघत होती, ओठाच्या कोपऱ्यात हसू दाबून. तिथं मी कळ दाबली.

प्रत सोबत आहे. यावेळी सोनाबाईच्या हाती पडली तरी चालेल. मानेची कड दुहेरी आली आहे, अंबाडा तर दोन असल्यासारखा दिसतो, एक कान आहे आणि दुसरा पदराआड. गिऱ्हाइकानं असा फोटो माझ्या तोंडावर फेकला असता. पण डोळे बघ. आणि गोजाबाईच्या हातातली जुडी बघ, पानं मोजता येतात. दीडच्या भिंगानं मला अव्वाच्या पापण्या दिल्या होत्या. दोनच्यानं अव्वा दिली. माझ्या मुलींनी लांबूनच ओळखलं आणि माना हलवायला लागल्या.

मी प्रत अव्वाला दाखवली. ती बघत राहिली, मान हलत राहिली. आवडला नाही का, म्हटलं. म्हणाली, आवडला की, मानेकडं काय बघतोस, माझ्याकडं बघ.

मग ती उठली आणि देवळीतला तो पहिला फोटो घेऊन आली. दोन बोटांनी त्याच्यावरची धूळ पुसली आणि माझ्या हातात दिला. तिचं बोलणं तुला तसंच्या तसं लिहितो.

"ह्यो जपून ठिव. माझी येळ आली की ह्याच्यावर हार घाल. मानसं इच्यारतील, फोटू न्हाय काढला का, त्यास्नी सांग, काढून झालाय. त्या दिशी तू क्यामेरा आनायचा न्हाईस. तू माझ्यापाशी बसायचं."

जोतीराम, मला वाटत होतं की आप्पांच्या वेळी माझा हात कापला नाही ही फुशारकीची गोष्ट आहे. अव्वा नऊ वर्षं त्याचाच घोर जिवाला लावून बसली होती, आणि मी तिच्या मानेला तेल आणत होतो. मी तिथंच माजघरात बसलो आणि आप्पांसाठी रडलो. बायको धावत आली, तिला वाटलं काही अशुभ घडलं. अव्वानं तिला हातानंच परत पाठवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

तेव्हा आता तुझ्या प्रश्नाचं, म्हणजे माझ्याच प्रश्नाचं उत्तर. दोनचं भिंग ठेवतो. दीडचं आजच्या पार्सलनं निघालं आहे. मालकांना सांग, त्यात तिळभर खोट नाही, फक्त त्याचं या घरातलं काम एकाच फोटोत संपलं. तो फोटो आता माझ्या पेटीत आहे, आप्पांच्या चार प्लेटांशेजारी, आणि तो लवकर लागू नये एवढीच माझी इच्छा आहे.

तू उन्हाळ्यात सोनाबाईला घेऊन ये. अव्वाला भाकरी वाढू का असं कुणी विचारलं तर मान बघू नका, सरळ वाढा.

हे पत्र मी तिच्यापाशी बसून लिहितो आहे. काय लिहितोस म्हणून दोनदा विचारून झालं.

तुझा
चनमल्लप्पा